तीनशे एकोणऐंशी

ब्रेमरहाफेन बंदर, शेड क्रमांक नऊ.
पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं.
लाकडी खोक्यावर निळ्या शाईत छापलंय:
दुग्धशाळेचे सुटे भाग.
खाली गायीचं चित्रसुद्धा, शिंगांसकट.

मी वीबके. एकोणीस वर्षं कस्टम्समध्ये.
त्याआधीची एकोणीस गोठ्यात.
समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या आत
बाबांच्या बेचाळीस गायी,
पाचला उठायचं, सडांना कप लावायचे,
आणि भिंतीपलीकडे पंप धापा टाकत असायचा
दमेकरी म्हाताऱ्यासारखा.
त्याचा सूर बदलला की बाबा झोपेतून उठत,
अनवाणी जात, भिंतीला कान लावत.
दूध काढायला पोकळी लागते, म्हणत,
पण थोडीशीच.
फार ओढलंस तर रक्त येईल.

म्हणून झाकण निघालं तेव्हा मला हसू आलं.
सहा पंप. एकेक वेगळ्या पिशवीत,
मुंज्या मुलासारखे न्हाऊन-माखून बसलेले.
नावाच्या पट्ट्या खरवडून काढलेल्या.
तोंड परातीएवढं.
इतकी कोरडी, इतकी निखळ पोकळी
कुठल्या गायीला लागते?

यादी बघ, ओन्नो म्हणतो.
ओन्नो यादीचा माणूस.
यादीत लिहिलंय: तोंडाचा व्यास
तीनशे ऐंशी मिलिमीटर किंवा अधिक.
मी मोठा कॅलिपर लावते.
तीनशे एकोणऐंशी.
पुसून पुन्हा लावते.
तीनशे एकोणऐंशी.

कुणीतरी कुठेतरी आमची यादी
आमच्यापेक्षा मन लावून वाचली आहे.

आकडे काही आकाशातून पडत नाहीत.
लांब टेबलाशी बसून कुणी चारशे म्हटलं असेल,
कुणी साडेतीनशे,
मध्ये जेवणाची सुट्टी झाली असेल.
त्या सुट्टीतून सुटलेला एक मिलिमीटर
आज माझ्या हातात आहे.

पत्ता: तिसरा मजला, फर्निचरच्या दुकानावर.
गायी लिफ्टने जात असतील, ओन्नो म्हणतो.

हसू नकोस.
मागच्या शरदात मी असंच एक यंत्र अडवलं होतं.
रक्तपेढीचं, म्हणत होते कागद. मी कागदांना ओळखते.
सात आठवडे ते इथेच, याच कोपऱ्यात,
कागदांवर कागद, शिक्क्यांवर शिक्के.
मग ते खरोखरच रक्तपेढीचं निघालं.
डोंगरातल्या कुठल्याशा गावाहून डॉक्टर झामिरांचं पत्र आलं:
यंत्र पोहोचलं. आभारी आहोत.
हिवाळा संपला आहे.
एवढंच.
आरोप नाही, उद्गारचिन्ह नाही.
पत्र अजून माझ्या खणात आहे, स्टेपलरच्या खाली.

दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो.
मी ताकाने पोळले आहे,
मी काय फुंकू?

अर्जात कारणाला दोन ओळींची जागा आहे.
यादीबाहेरचा माल अडवायचा तर
संशय सकारण हवा.
माझ्याकडे कारण आहे,
त्याला कलम नाही.
बाहेर क्रेन थांबलेली. कप्तानाचा माणूस
दारात येऊन घड्याळ बघून गेला, दोनदा.

मी लिहिते:
गायीला इतकी पोकळी सोसत नाही.

ओन्नो वाचतो. खोडत नाही.
खाली स्वतःची सही करतो, जरा तिरकी.

सहाला जहाज सुटलं.
त्यावर नऊ हजार डबे होते,
त्यातला एक मी उघडला.
उरलेल्यांत बूट असतील, टरबुजं असतील,
आणि आणखी कुठेतरी एखादी गाय, शिंगांसकट.

खोक्याला शिशाचं सील लावलं.
मग शेड रिकामी झाल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून,
मी त्याच्या फळीला कान लावला.

काही ऐकू आलं नाही.
बाबा अशा वेळी
कंदील घेऊन आत जात.